सोलापूरचे डॉ. कोटणीस: वर्गणीच्या २२ हजारांतून निघालेली मदत चीनपर्यंत कशी पोहोचली?

मार्च २०२५. म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाचं विमान १५ टन सामान घेऊन तिकडे रवाना झालं. त्यात तंबू होते, ब्लँकेट होती, झोपायच्या पिशव्या, पाणी शुद्ध करायची यंत्रं, सौर दिवे, जनरेटर आणि औषधं होती. मोहिमेला नाव दिलं ‘ऑपरेशन ब्रह्मा’. त्याआधी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा ‘ऑपरेशन दोस्त’ झालं होतं. लष्करानं तिथे ३० खाटांचं अख्खं हॉस्पिटलच उभं केलं होतं.

असे व्हिडिओ आपल्या फोनवर येतात, आपण लाइक करतो आणि पुढे सरकतो. देशाकडे विमानं आहेत, लष्कर आहे, एनडीआरएफ आहे, त्यामुळे आता त्यात फारसं आश्चर्य वाटत नाही.

पण भारताकडे यातलं काहीही नव्हतं, तेव्हाची गोष्ट माहितीये का? विमान नव्हतं, परराष्ट्र खातं नव्हतं आणि स्वतःचं सरकारही नव्हतं. तरीही भारतातून परदेशातल्या संकटासाठी औषधं, रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर गेले होते. त्या पाचांपैकी दोघे आपल्या महाराष्ट्रातले. एक नागपूरचे, एक सोलापूरचे.

सोलापूरचे डॉक्टर परत आले नाहीत. त्यांचं नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

नाव तुम्ही ऐकलं असेल. व्ही. शांताराम यांचा सिनेमा पाहिला नसला तरी त्याचं नाव ठाऊक असेल. मात्र सिनेमामुळेच कोटणीसांबद्दल काही चुकीच्या समजुतीही पसरल्या आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात द्वारकानाथ यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय. दोन भाऊ आणि पाच बहिणी. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं शहर होतं. मुंबईसारखेच भोंगे वाजायचे, कामगारांच्या पाळ्या बदलायच्या.

आणि सोलापूर नुसतं गिरण्यांचं शहर नव्हतं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे लोक असे उसळले की काही दिवस इंग्रजांचं प्रशासन शहरातून जवळपास गायबच झालं. मग मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना जानेवारी १९३१ मध्ये येरवड्याला फाशी दिली गेली. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. त्या वयाच्या सोलापूरच्या पोरावर याचा काय परिणाम झाला असेल, ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टरकीसाठी ते मुंबईला गेले. परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे केईएम हॉस्पिटलला जोडलेलं. हे कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं, तेव्हा देणगीदारांची एक अट होती: शिकवणारे प्राध्यापक भारतीयच हवेत. त्या काळी सरकारी मेडिकल कॉलेजात मोठ्या जागा गोऱ्यांच्या हातात असायच्या. म्हणजे कॉलेजच मुळात एका भूमिकेतून उभं राहिलेलं. कोटणीस तिथून डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले. सरळ रस्ता होता. पदव्युत्तर शिक्षण, प्रॅक्टिस, लग्न, संसार.

तेवढ्यात चीनमधून एक पत्र आलं. अर्थात कोटणीसांना नाही, जवाहरलाल नेहरूंना.

झालं असं की जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. शांघाय पडलं, डिसेंबरमध्ये राजधानी नानकिंग पडली. तिथे जे हत्याकांड झालं ते जगाच्या इतिहासातल्या सगळ्यात भयानक घटनांमध्ये मोजलं जातं. कोट्यवधी लोक घरदार सोडून पश्चिमेकडे चालत सुटले. चीनमध्ये तेव्हा दोन ताकदी होत्या. एक च्यांग काय-शेक यांचं राष्ट्रवादी सरकार आणि दुसरी माओंच्या नेतृत्वाखालचे कम्युनिस्ट. जपानविरुद्ध दोघांनी तात्पुरती युती केली होती. कम्युनिस्टांच्या ‘आठव्या मार्ग सेने’चे सेनापती चू दे यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि वैद्यकीय सामान मागितलं.  जखमी सैनिक हजारोंनी होते आणि त्यांच्यासाठी सर्जन नव्हते, औषधं नव्हती.

आता इथे एक गंमत बघा. भारत स्वतः गुलाम. तरीही चू दे यांनी दिल्लीतल्या व्हाइसरॉयला पत्र लिहिलं नाही, काँग्रेसच्या नेत्याला लिहिलं. म्हणजे चीनच्या दृष्टीनं भारत म्हणजे इंग्रज सरकार नव्हतं. आणि काँग्रेसनंही एखाद्या देशानं वागावं तसंच उत्तर दिलं.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा अधिवेशनात सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. चीनला मदत पाठवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ३० जूनला त्यांनी वर्तमानपत्रांतून आवाहन केलं. देशभर ‘चीन दिन’ पाळला गेला. ७ ते ९ जुलै हे तीन दिवस निधी गोळा करण्यासाठी ठरवले. ७ जुलै हीच तारीख का? कारण वर्षभरापूर्वी त्याच दिवशी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर युद्धाची ठिणगी पडली होती.

जमले किती? साधारण २२ हजार रुपये.

गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या कुठल्याही मंडळाला विचारा, अनोळखी कामासाठी लोकांच्या खिशातून पैसे काढणं किती अवघड असतं ते. मी जालना जिल्ह्यातल्या राजूरची. आमच्या राजूरच्या गणपतीला चतुर्थीला दुरून दुरून लोक येतात, दानपेटीत पैसे टाकताना कुणी फार विचार करत नाही. पण ज्या देशाचा नकाशाही पाहिलेला नाही, अशा देशातल्या जखमींसाठी पैसे देणं ही वेगळीच गोष्ट. (आमचं राजूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, जालना जिल्हा तर १९८१ मध्ये झाला. सोलापूर मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. संस्थानात राजकीय सभा घ्यायचीच मारामार होती, त्यामुळे कोटणीस काही किलोमीटर अलीकडे जन्मले असते तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.)

त्या पैशातून रुग्णवाहिका आणि औषधं-उपकरणं घेतली गेली. आणि डॉक्टरांची पथकासाठी निवड झाली.

प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. हे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले, म्हणजे युद्धभूमीचा अनुभव असलेले. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, वयानं ज्येष्ठ. कोलकात्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉयकुमार बसू. आणि सोलापूरचे कोटणीस, वय २७. घरच्यांना विचारून त्यांनी नाव दिलं. पदव्युत्तर शिक्षण बाजूला राहिलं. ठरलं होतं ते असं की वर्षभर जायचं आणि परत यायचं.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनं पथक निघालं. निरोप समारंभाला सरोजिनी नायडू होत्या. सप्टेंबरच्या मध्यात हाँगकाँगमार्गे ते कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला उतरले. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. तिथून ते हानकौला गेले, आजचं वुहान. चिनी रेडक्रॉसच्या मदतीनं कामाला सुरुवात झाली.

आणि महिन्याभरात सगळं उलटंपालटं झालं.

२१ ऑक्टोबरला जपानी फौजांनी कँटन घेतलं. त्यानंतर चारपाच दिवसांत वुहानही पडलं. पथक त्याआधी थोडंच पश्चिमेकडे निघालं होतं. नकाशा डोळ्यासमोर आणा: ज्या बंदरातून हे डॉक्टर आत आले, तेच बंदर आता शत्रूच्या ताब्यात गेलं होतं. म्हणजे भारतातून आणखी औषधं पाठवायची म्हटली तरी समुद्राचा सोपा रस्ता बंद.

मदतीच्या गोष्टी वाचताना आपण नेहमी किती सामान गेलं ते बघतो. १५ टन, २० टन, अमुक इतके तंबू. पण सामान संपतं. औषधाची खोकी महिना-दोन महिने पुरतात. मग रस्ता चालू आहे का, हा प्रश्न येतो. मराठवाड्यात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर देशातून आणि परदेशातून मदतीचा ओघ आला होता. पण पहिली गर्दी ओसरल्यावर लोकांना तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्येच ऊन-पावसाचे दिवस काढावे लागले. पहिल्या आठवड्यातली मदत आणि दुसऱ्या वर्षातली मदत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. कोटणीसांची खरी गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे.

पथक यांगत्से नदीच्या मार्गानं चुंगकिंगला पोहोचलं. ही च्यांग काय-शेक सरकारची युद्धकाळातली राजधानी. इथे पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. चीनमध्ये आजही त्यांना याच नावानं ओळखतात.

चुंगकिंगलाच त्यांना सोलापूरहून बातमी कळली की वडील गेले.

सहकाऱ्यांनी त्यांना परत जायला सांगितलं. ते गेले नाहीत. थोरामोठ्यांच्या चरित्रांत अशा ठिकाणी त्याग वगैरे शब्द येतात आणि लेखक पुढे जातो. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं. आठ भावंडांचं घर, कर्ता माणूस गेलेला, शिकलेला डॉक्टर मुलगा हजारो किलोमीटर लांब आणि तो येत नाही. सोलापुरातल्या त्या घरानं हे कसं सोसलं असेल? चीनला मिळालेल्या मदतीचा हिशोब लावताना २२ हजार रुपयांसोबत हेही धरायला हवं.

पथकाला जायचं होतं येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर, कारण मूळ मागणी तिथूनच आली होती. च्यांग सरकारला ते फारसं रुचणारं नव्हतं. अखेर जानेवारी १९३९ मध्ये निघून फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. माओ आणि इतर नेत्यांनी त्यांचं जोरदार स्वागत केलं.

येनान कसं होतं? आधी शहर होतं, पण नोव्हेंबर १९३८ मध्ये जपानी विमानांनी बॉम्ब टाकून ते उद्ध्वस्त केलं. मग माणसं, कचेऱ्या, शाळा, हॉस्पिटल सगळंच डोंगरात शिरलं. त्या भागातली माती पिवळसर आणि घट्ट आहे, पण कोरायला सोपी. डोंगराच्या उतारात कमानीसारख्या खोल्या कोरायच्या, पुढे लाकडी चौकट आणि कागद लावलेली खिडकी. थंडीत आत ऊब राहते, उन्हाळ्यात गारवा, आणि वरून बॉम्ब पडला तर मातीचा जाड थर वाचवतो. या गुहांसाठी कुठूनही तंबू किंवा ताडपत्री आणावी लागली नाही. आणीबाणीतल्या निवाऱ्याचं याहून स्वस्त उदाहरण शोधूनही सापडणार नाही. भारतीय डॉक्टर अशाच गुहांतल्या हॉस्पिटलात काम करत होते.

वर्ष संपत आलं. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. राहिले तिघे: अटल, बसू, कोटणीस. त्यांनी येनानची सुरक्षित जागा सोडून आघाडीवर जायची मागणी केली आणि १९३९ च्या अखेरीस ते शान्शी प्रांतात पोहोचले. पुढे तब्येत बिघडल्यामुळे १९४० मध्ये अटलही परतले.

आता दोघेच उरले.

इथे गोष्टीत चौथं नाव येतं, कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथून. तेही स्पेनहून आलेले. शान्शी-चाहार-हेबेई या सरहद्दी भागात त्यांनी फिरतं ऑपरेशन थिएटर तयार केलं होतं. सुताराकडून एक लाकडी खोगीर बनवून घेतलं आणि त्यात हत्यारं, पट्ट्या, औषधं बसवली. खेचराच्या पाठीवर टाकलं की दवाखाना चालू लागला. उतरवून त्यावर फळी टाकली की टेबल तयार. जखमीला हॉस्पिटलात आणण्यापेक्षा हॉस्पिटल जखमीकडे न्यायचं, असं हे तत्त्व. आजची लष्कराची फिल्ड हॉस्पिटलं विमानातून जातात, पण कल्पना तीच आहे.

ऑक्टोबर १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बेथून यांच्या बोटाला कापलं. हातात रबरी मोजे नव्हते, कारण ते संपले होते. पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबरला ते गेले. एक मोज्याची जोडी. सामान संपतं, असं वर म्हटलं त्याचा अर्थ हा.

कोटणीस आणि बसू या भागात पोहोचले तोवर बेथून जाऊन काही महिने झाले होते. त्यांची भेट कधी झालीच नाही. १९४० च्या उन्हाळ्यात बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमाला दोघे हजर होते. कार्यक्रमात कुओ छिंगलान नावाची एक नर्सही होती. ती बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवायची. तिच्याकडे पुन्हा येऊ.

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेनं जपानी रेल्वेमार्गांवर आणि चौक्यांवर मोठा हल्ला चढवला. ही मोहीम ‘शंभर रेजिमेंटांची लढाई’ म्हणून ओळखली जाते. जखमी येतच राहिले. कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली आणि त्या लढाईत ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. हॉस्पिटल म्हणजे खेड्यातलं एखादं घर किंवा देऊळ, उजेड म्हणजे कंदील, आणि तोफांचा आवाज जवळ आला की सगळं उचलून पुढच्या गावात.

बसूंना येनानला बोलावून घेतलं गेलं. कोटणीस मागे राहिले. जानेवारी १९४१ मध्ये ते ‘बेथून आंतरराष्ट्रीय शांतता हॉस्पिटल’चे पहिले संचालक झाले. वय ३०.

आणि याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. राष्ट्रवादी फौजा आणि कम्युनिस्टांची नवी चौथी सेना यांच्यात दक्षिणेत मोठी चकमक झाली. कागदावरची युती जवळपास मोडली. त्यानंतर कम्युनिस्ट भागाची दोन्हीकडून नाकेबंदी झाली. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला स्वतःच्याच देशाचं सरकार. बाहेरून येणारी औषधं जवळजवळ थांबली.

मग हॉस्पिटल चालवायचं कसं? जपान्यांच्या ताब्यातल्या शहरांतून चोरून-लपवून थोडी औषधं यायची. बाकी जे हाताशी असेल ते. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. हत्यारं गावातल्या लोहाराकडून, सुताराकडून करून घ्यायची. स्थानिक जडीबुटीचे उपाय वापरायचे.

पण या सगळ्यापेक्षा कोटणीसांचं मोठं काम दुसरंच होतं, असं मला वाटतं. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. कामापुरती नाही, वर्गात उभं राहून शस्त्रक्रिया शिकवता येईल इतकी. खेड्यांतली पोरं-पोरी, त्यातली बरीचशी जेमतेम शिकलेली, त्यांना ते सर्जन आणि नर्स म्हणून घडवत होते. त्यांच्यासाठी चिनी भाषेतून शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. औषधाचं खोकं संपतं, पण शिकवलेला डॉक्टर पुढची तीस-चाळीस वर्षं काम करतो. आजही आपत्तीनंतरच्या मदतीत हा भाग सगळ्यात दुर्लक्षित असतो. तंबूचा फोटो चांगला येतो, प्रशिक्षणाचा येत नाही.

ज्या भागात ते राहिले तो हेबेई प्रांतातला तांग परगणा. गरीब डोंगराळ मुलूख. गावकरी त्यांना ‘काळी आई’ म्हणायचे असं एक वाक्य इंटरनेटवर फिरतं, पण अशा वाक्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. पक्कं आहे ते एवढं की साधा धान्याचा शिधा सगळ्यांना मिळायचा तोच ते खायचे आणि कडाक्याच्या थंडीत एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी नाहीतर घोड्यावर जायचे.

१९४१ च्या अखेरीस कोटणीस आणि कुओ छिंगलान यांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. नाव ठेवलं ‘इनहुआ’. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. हे नाव त्या भागाचे सेनापती न्ये रोंगचेन यांनी सुचवलं होतं. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. काही लेखांमध्ये हा तपशील गाळला जातो, काहींमध्ये फक्त हाच ठळक केला जातो. दोन्हीची गरज नाही. काँग्रेसनं पाठवलेला एक तरुण चार वर्षं ज्यांच्याबरोबर राहिला, त्यांच्यातलाच एक झाला, इतकं साधं ते आहे.

तब्येत मात्र ढासळत होती. १९४१ पासून त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येत होते. कामाचा ताण, अपुरं खाणं, झोप नाही. उपचारासाठी आघाडी सोडून जाण्याचा सल्ला त्यांना दिला गेला. त्यांनी ऐकलं नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे झटक्यांतच त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता आणि पाठ्यपुस्तक अर्धवट होतं.

माओंनी शोकसंदेश लिहिला. तांग परगण्यातल्या एका खेड्यात त्यांना मूठमाती दिली गेली. नंतर त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मारकात हलवली, बेथून यांच्या समाधीच्याच आवारात.

आता सिनेमाबद्दल. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये कोटणीसांवर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, छिंगलान झाल्या जयश्री. सिनेमा गाजला आणि कोटणीस घराघरात पोहोचले. पण त्यात प्लेगची साथ, त्यावरचा इलाज आणि जपान्यांच्या कैदेतून सुटका असं बरंच नाट्य आहे. त्यामुळे कोटणीस प्लेगवर औषध शोधताना गेले, असं आजही अनेक जण सांगतात. तसं नाहीये. ते गेले अपस्मारानं, आणि त्यांचं काम प्रामुख्यानं शस्त्रक्रियेचं होतं.

दुसरा गैरसमज असा की भारत सरकारनं त्यांना पाठवलं. तेव्हाच्या भारत सरकारचा, म्हणजे इंग्रजांचा, या पथकाशी संबंध पासपोर्ट देण्यापुरताच. मदत काँग्रेसची आणि वर्गणी देणाऱ्या लोकांची.

आणि एक गोष्ट, जी सहसा कुणी बोलत नाही. जपानच्या आक्रमणाविरुद्ध हे पथक पाठवणारे सुभाषबाबू १९४३ मध्ये जपानमध्ये होते, इंग्रजांविरुद्ध जपानची मदत घेत होते. कोटणीस गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. यावरून कमेंटमध्ये भांडणं लावायची गरज नाही. इतिहासात माणसं आपापल्या लढाईच्या हिशोबानं मित्र निवडतात. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात पाच वर्षांच्या अंतरानं घडल्या, हे माहीत असावं.

स्वातंत्र्यानंतर भारतानं परदेशात वैद्यकीय पथक पाठवलं ते कोरियन युद्धात. १९५० मध्ये ६० पॅराशूट फिल्ड अँब्युलन्स ही लष्कराची तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली तिकडे गेली. लढणारे सैनिक पाठवायला भारतानं नकार दिला होता, डॉक्टर मात्र पाठवले. ही तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या बाजूला होती आणि समोर चिनी फौजा होत्या. २०२३ मध्ये तुर्कस्तानात जे हॉस्पिटल उभं राहिलं, ते याच तुकडीचं आजचं रूप, ६० पॅरा फिल्ड हॉस्पिटल.

१९६२ मध्ये भारत आणि चीन एकमेकांशी लढले. त्यानंतर दोन्ही देशांत एकमेकांबद्दल चांगलं बोलणंही अवघड झालं होतं. तरी चीननं कोटणीसांची समाधी काढली नाही की नाव पुसलं नाही. दोन्ही देशांनी त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. चीनचे बडे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटायचे, हा अनेक वर्षं शिरस्ताच होता. यात राजकारण आहेच. संबंध बिघडले की कोटणीसांची आठवण काढायची, ही दोन्ही सरकारांची सोयीची सवय आहे. तांग परगण्यात त्यांचं आणि बेथून यांचं मिळून एक स्मारक संग्रहालय आहे, तिथल्या लोकांना मात्र कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

सोलापुरात भैय्या चौकाजवळ कोटणीसांचं जन्मघर आहे. महापालिकेनं ते स्मारक म्हणून जपलंय. पंढरपूर-अक्कलकोट करून परतताना सोलापूरला थांबलात तर जाऊन या, फार वेळ लागत नाही.

इनहुआ मोठा झाला आणि वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला निघाला. १९६७ मध्ये, शिक्षण पूर्ण व्हायच्या अगदी तोंडावर, वयाच्या २४ व्या वर्षी तो वारला. कुओ छिंगलान त्यानंतरही खूप जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, दोन्ही देशांच्या कार्यक्रमांना जात राहिल्या. २८ जून २०१२ रोजी दालियान शहरात त्यांचं निधन झालं. वय ९६. सोलापूरचं स्मारक त्याच वर्षी जानेवारीत लोकांसाठी खुलं झालं होतं.